सात हजारांच्या गावाचा फुटबॉल क्लब शंभर वर्षं कसा तगतो?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही कोल्हापूरचे, नोकरीसाठी स्कॉटलंडमधल्या डंडीत आलात आणि एका शनिवारी जवळच्या ब्रीखिन गावच्या ब्रीखिन सिटी क्लबची मॅच पाहायला गेलात. मैदानाच्या एका बाजूला भिंतीऐवजी झाडांचं उंच कुंपण, काहीशे प्रेक्षक आणि गावाची वस्ती जेमतेम सात हजार. तेव्हापासून तुम्हाला प्रश्न पडलाय की एवढ्याशा गावात १९०६ पासून क्लब चालतो कसा, पैसे येतात कुठून. साडेपाच लाख वस्तीच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियम खचाखच भरतं, तरी पेठेतल्या तालमीच्या संघाला असं काही उभं करता का येत नाही, हेही तुम्ही विचारलंत. आणि शेवटी, इथे राहून अशा क्लबसाठी आपल्याला काही करता येईल का, असं.

मी पेशाने अकाउंटंट. स्कॉटलंडच्या खालच्या विभागात खेळणाऱ्या एका छोट्या गावच्या क्लबचे हिशेब बरीच वर्षं बिनपगारी सांभाळते. त्या क्लबचं नाव आणि त्याचे आकडे इथे देणार नाही, ते माझ्या मालकीचे नाहीत. उदाहरणं देईन ती सगळ्यांना ठाऊक असलेल्या क्लबांची.

आधी प्रश्नच थोडा फिरवून घेऊ. ‘पैसे येतात कुठून’ हे सगळेच विचारतात. माझ्या अनुभवात लहान गावचा क्लब टिकतो तो जास्त कमावतो म्हणून नव्हे. गाव दरवर्षी जेवढं देऊ शकतं तेवढ्यात आपला खर्च बसवण्याची ताकद त्याच्यात असते, म्हणून टिकतो. हरल्यामुळे क्लब मरत नाही. तळाला राहिला तरी मरत नाही. गावाच्या ऐपतीपलीकडे खर्चाची सवय लागली आणि त्या सवयीचा भार एका माणसाच्या खिशावर किंवा पुढच्या वर्षीच्या आशेवर टाकला, की मरतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तुम्ही राहता त्याच्या शेजारचा अँगस परगणाच घ्या. अख्ख्या परगण्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे इचलकरंजीच्या निम्मीही नाही. त्यात चार क्लब: आर्ब्रोथ (१८७८), माँट्रोज (१८७९), फॉरफर (१८८५) आणि ब्रीखिन (१९०६). २०२१ पर्यंत हे चारही राष्ट्रीय लीगमध्ये होते. एका गावातून दुसऱ्या गावात गाडीने जायला फार तर अर्धा तास, आणि बाजूला डंडीत दोन मोठे क्लब. म्हणजे कोणाही क्लबला ‘माझ्या गावाबाहेरचे प्रेक्षक खेचून आणीन’ असं म्हणायची सोय नाही. जे आहे ते गावातूनच यायचं. ही मर्यादा वाईट वाटते, पण हिशेब सांभाळणाऱ्याला तिचा फायदा होतो, कारण स्वप्नांना आपोआप वेसण बसते.

आता खर्च. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय लीगमध्ये एकूण ४२ क्लब: वरच्या प्रीमियरशिपमध्ये १२ आणि खालच्या चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू या तीन विभागांत प्रत्येकी १०. तळाच्या दोन विभागांतले बहुतेक खेळाडू अर्धवेळ असतात. दिवसा ते इलेक्ट्रिशियन, शिक्षक, गोदामात कामाला, कोणी विद्यार्थी. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. मानधन आठवड्यावर, शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. सगळे खेळाडू गावातलेच असतात असं अजिबात नाही. कित्येक जण डंडी, एडिनबरा, ग्लासगोकडून येतात. त्यामुळे कित्येकदा सरावच त्यांना सोयीच्या ठिकाणी, गावापासून दूर घ्यावा लागतो. ‘गावचा क्लब’ म्हणजे गावची पोरं, ही तुमची समजूत इथे तितकीशी खरी नाही. खेळाडू येतात-जातात, कायम राहतात ती फाटकावरची, चहाच्या खिडकीतली आणि कमिटीतली माणसं.

अंदाज यावा म्हणून एक गणित मांडते. आकडे समजावण्यापुरते आहेत, कोणत्याही क्लबच्या वहीतले नाहीत. दहा संघांच्या विभागात प्रत्येकाशी चारदा खेळायचं, म्हणजे ३६ सामने, त्यातले घरचे १८. समजा सरासरी ५०० प्रेक्षक आणि माणशी १४ पौंड. वर्षाचे झाले १ लाख २६ हजार पौंड. आता २० खेळाडू, आठवड्याला सरासरी १५० पौंड, ४२ आठवडे. तेही १ लाख २६ हजार. म्हणजे फाटकावर जमलेला प्रत्येक पौंड खेळाडूंच्या मानधनातच गेला. बस, फिजिओ, डॉक्टर, विमा, फ्लडलाइटची वीज, मैदानाची निगा, कपडे धुणं, पंच आणि सुरक्षेचा खर्च अजून बाकीच. शिवाय ५०० पैकी सगळे पूर्ण तिकिटाचे नसतात. वृद्ध, मुलं, सीझन तिकीटवाले यांचा दर कमी असतो, म्हणजे खरा आकडा याहून खालीच.

हे गणित मी नव्या कमिटी सदस्याला पहिल्याच बैठकीत मांडून दाखवते, कारण त्यातून दोन गोष्टी लगेच दिसतात. एक, मानधन हा एकच खर्च असा आहे जो दरवर्षी नव्याने ठरवता येतो. करार बहुधा एका हंगामाचे असतात, म्हणून वाईट वर्षानंतर क्लब आकसू शकतो. पूर्णवेळ क्लबला हे इतकं सहज जमत नाही. दुसरी गोष्ट, बाकीच्या खर्चासाठी फाटकाबाहेरचा पैसा लागतोच, आणि तो मिळवण्याचं काम जवळजवळ सगळं बिनपगारी माणसांवर असतं.

हा फाटकाबाहेरचा पैसा म्हणजे काय? लीगकडून वर्षअखेरीच्या क्रमांकानुसार मिळणारा हिस्सा असतो, पण तळाच्या क्लबला मिळणारी रक्कम माफक. मैदानाभोवतीच्या जाहिरातीच्या पाट्या गावातला खाटीक, गॅरेजवाला, बांधकाम कंत्राटदार घेतात. एकेका मॅचचा प्रायोजक, मॅचच्या चेंडूचा प्रायोजक, एकेका खेळाडूच्या जर्सीचा प्रायोजक, इतके बारीक तुकडे पाडून विकलेले असतात. मध्यंतराला अर्धी-अर्धी सोडत: जमलेल्या पैशातले निम्मे जिंकणाऱ्याला, निम्मे क्लबला. दरमहा ठरावीक वर्गणीची सोडत निघते, तिला स्थानिक परवाना मंडळाकडे नोंदणी लागते. मॅचआधीचं जेवण, वर्षातून एखादी मोठी मेजवानी. आणि खिडकीतला स्कॉच पाय व बोव्हरिल, म्हणजे बीफच्या अर्काचं गरम पेय. फॉरफरला गेलात तर पायऐवजी ब्रायडी मिळेल, ती त्या गावची ओळखच. हिशेबाच्या वहीत सगळ्यांत भरवशाची नोंद कोणती म्हणाल, तर मी मासिक सोडतीची सांगेन. पाऊस पडो, संघ हरो, तीनशे घरांतून दर महिन्याला थोडे थोडे पौंड येत राहतात. एका बड्या प्रायोजकापेक्षा मला ही तीनशे घरं जास्त जवळची वाटतात, कारण ती सगळी एकाच दिवशी नाही म्हणत नाहीत.

बाहेरून न दिसणारी एक अडचण म्हणजे पैशाची वेळ. एप्रिल-मेमध्ये हंगाम संपतो. जूनमध्ये सीझन तिकिटं विकली जातात आणि खात्यात अचानक बऱ्यापैकी रक्कम दिसते. ती असते पुढच्या दहा महिन्यांची, पण मॅनेजरला नेमका तेव्हाच नवा स्ट्रायकर हवा असतो. जानेवारीत मैदान गोठतं, सकाळी पंच येऊन पाहतो आणि मॅच रद्द. ती मग पुढे मंगळवारी रात्री, थंडीत, कमी प्रेक्षकांसमोर होते. पैसा सर्वांत कमी असतो तो नेमका तेव्हा, आणि जूनमधला तो स्ट्रायकर आठवड्याचं मानधन मागतच असतो. म्हणून सीझन तिकिटांचा पैसा मी वेगळ्या खात्यात ठेवायला लावते आणि दरमहा ठरलेला भागच चालू खात्यात घेते. कराचे पैसेही तसेच, ज्या दिवशी मानधन त्याच दिवशी बाजूला. २०१२ मध्ये रेंजर्ससारखा अवाढव्य क्लब कोलमडला तोही करखात्याच्या थकबाकीवरून. तिथे शून्यं जास्त होती, रोग तोच.

रेंजर्सचा विषय निघालाच आहे तर घबाडाबद्दल बोलू. आर्थिक कोलमडीनंतर रेंजर्सना २०१२–१३ च्या हंगामात सगळ्यात खालच्या विभागात खेळावं लागलं. पीटरहेड, अ‍ॅनन, एल्गिन अशा गावांत हजारोंच्या संख्येने प्रेक्षक आले. अँगसमध्ये त्या वर्षी पाळी माँट्रोजची होती, पुढच्या वर्षी आर्ब्रोथ, ब्रीखिन आणि फॉरफर या तिघांची. म्हणजे दोन हंगामांत चारही गावांनी रेंजर्सचं यजमानपद केलं. फॉरफरने तर ऑगस्ट २०१३ मध्ये लीग कपात त्यांना जादा वेळेत २–१ असं हरवलं. लीगच्या सामन्यात फाटकाचा पैसा यजमानाकडेच राहतो, त्यामुळे अशी एक दुपार अनेक साध्या शनिवारांच्या बरोबरीची. स्कॉटिश कपात उलट नियम, तिथे फाटकाची निव्वळ रक्कम दोन्ही क्लब वाटून घेतात. म्हणून छोट्या क्लबला सेल्टिक किंवा रेंजर्सच्या घरी जाऊन सपाटून हरणंही फायद्याचं ठरतं.

हा पैसा कुठे घालावा याबद्दल माझं मत पक्कं आहे. फ्लडलाइट, छप्पर, ड्रेसिंग रूम, पाण्याचा निचरा, कर्जफेड: या सगळ्याला हो. मानधनाला नाही, एक पौंडही नाही. एकदा आलेल्या पैशावर दर आठवड्याचा खर्च बांधला, की पुढच्या वर्षी तो खर्च उरतो आणि पैसा नसतो. हे पटवणं फार अवघड जातं, कारण गर्दीला नवा खेळाडू दिसतो, निचऱ्याचा पाइप दिसत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: अर्धवेळ संघ, एका वर्षाचे करार, पुष्कळ घरांतून येणारी थोडी थोडी रक्कम, बिनपगारी राबणारी माणसं, आणि घबाडाला चालू खर्चापासून लांब ठेवणं. एवढं सांभाळलं तर सात हजारांचं गाव क्लब चालवू शकतं. मात्र हे सोडून देण्याचा मोह कुठून येतो, ते ग्रेटनाकडे पाहिलं की कळतं.

ग्रेटना हे इंग्लंडच्या सीमेलगतचं, तीनेक हजार वस्तीचं गाव. एअर्ड्रीओनियन्स हा क्लब बुडाल्यावर रिकाम्या झालेल्या जागी २००२ मध्ये ग्रेटनाला लीगमध्ये घेतलं. ब्रुक्स माइलसन नावाच्या श्रीमंत हितचिंतकाने क्लबमध्ये स्वतःचा पैसा ओतला. २००५, २००६, २००७ अशी सलग तीन वर्षं क्लब एकेक पायरी वर चढला आणि थेट सर्वोच्च विभागात पोहोचला. मध्ये २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सकडून पेनल्टी शूटआऊटवर हरला, तेवढ्यावर युरोपमध्येही खेळला. पण वरच्या विभागाचे निकष पूर्ण करणारं मैदान गावात नव्हतं, म्हणून घरचे सामने दीड तासावरच्या मदरवेलमध्ये. एप्रिल २००८ मध्ये इन्व्हरनेसविरुद्धच्या सामन्याला तिथे ४३१ प्रेक्षक होते. त्याआधीच, मार्चमध्ये, माइलसन आजारी पडून पैसा थांबल्यावर क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला होता. उन्हाळ्यात त्याने लीग सोडली. नोव्हेंबरात माइलसनही गेले. लीगमधली जागा शेजारच्या अ‍ॅनन गावाने घेतली, आणि ग्रेटनाच्या चाहत्यांनी नव्याने क्लब काढून खालून सुरुवात केली.

माइलसन यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी दिलं ते आपुलकीने दिलं आणि त्या गावाने जे पाहिलं ते फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं. पण कोणी धनिक पुढे आला की खजिनदाराने विचारायचा प्रश्न एकच: उद्या हे गृहस्थ नसतील तर पुढच्या महिन्याचं मानधन कोण देणार? उत्तर नसेल तर त्यांच्याकडून स्टँड बांधून घ्यावा, मैदानाचं कर्ज फेडून घ्यावं, आठवड्याचा पगार घेऊ नये. मैदान कोणाच्या नावावर आहे, हाही तितकाच मोठा प्रश्न. क्लबच्या नावावर असेल, किंवा नगरपालिकेशी लांब मुदतीचा करार असेल, तर क्लब कितीही वाईट दिवसांतून उभा राहू शकतो. मैदान गेलं तर गावाबाहेर भाड्याने खेळावं लागतं, आणि एकदा शनिवारची सवय तुटली की माणसं परत येत नाहीत.

आता ब्रीखिनचं नेमकं काय झालं ते सांगते, कारण तुम्ही त्यांना पाहिलंत ते हायलँड लीगमधे, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या खालच्या पाचव्या पायरीवर. २०१६–१७ मध्ये ते लीग वनमध्ये चौथे आले, तरी प्लेऑफ (वर-खाली कोण जाणार ते ठरवणारे जादा सामने) जिंकून चॅम्पियनशिपमध्ये गेले. अर्धवेळ संघ, समोर सेंट मिरन, डंडी युनायटेड, डनफर्मलिन, फॉल्कर्क. ३६ सामने, विजय एकही नाही, ४ बरोबरी, ३२ पराभव, एकूण ४ गुण. पुढच्याच वर्षी लीग वनमधूनही खाली. २०१९–२० ला लीग टूमध्ये तळाला होते, पण कोरोनामुळे हंगाम अर्धवट थांबला आणि प्लेऑफ झालाच नाही. २०२१ मध्ये मात्र सुटका नव्हती. फाइफमधल्या केल्टी या खाणकामगारांच्या छोट्या गावच्या संघाने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवलं आणि ब्रीखिन राष्ट्रीय लीगबाहेर गेलं. चार वर्षांत दुसऱ्या पायरीवरून पाचव्या पायरीवर.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. २०१४–१५ च्या आधी लीगच्या तळाचा क्लब बाहेर पडण्याची आपोआप चालणारी वाटच नव्हती. ईस्ट स्टर्लिंगशर २००३ ते २००७ सलग पाच वर्षं तळाला होता, तरी राहिला. त्यानंतर मात्र हायलँड लीग आणि लोलँड लीगचे विजेते आपसात खेळू लागले, आणि जिंकणाऱ्याची गाठ लीग टूमधल्या शेवटच्या संघाशी पडू लागली. पहिल्याच वर्षी माँट्रोज ब्रोराकडून पहिला सामना ०–१ हरून, दुसरा ३–१ जिंकून कसाबसा वाचला. २०१६ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर गेला, २०१९ मध्ये बेरिक, २०२१ मध्ये ब्रीखिन, २०२२ मध्ये काउडनबीथ, २०२३ मध्ये अल्बियन रोव्हर्स. या पाचांपैकी २०२५ पर्यंत एकही परतला नव्हता. पडणं एका दुपारचं काम, परतायला आधी आपली लीग जिंका, मग दुसऱ्या लीगच्या विजेत्याला हरवा, मग लीग टूच्या तळाच्या संघाला. ब्रीखिनने २०२२–२३ ला हायलँड लीग जिंकली आणि पुढच्याच पायरीवर लोलँड लीगच्या विजेत्या स्पार्टन्सकडून पेनल्टी शूटआऊटवर हरले.

तत्त्व म्हणून मी या नियमाच्या बाजूची आहे. बंद दरवाजाची लीग ही केल्टीसारख्या गावांवर अन्यायच होती, आणि केल्टीने वर आल्याबरोबर पहिल्याच वर्षी लीग टू जिंकून दाखवली. पण खजिनदार म्हणून मला त्याची भीतीही वाटते. फेब्रुवारीत संघ तळाला असला की कमिटीच्या बैठकीत कोणी तरी म्हणतंच, ‘आता दोन खेळाडू घेतले नाहीत तर सगळं संपेल.’ त्या क्षणी भीतीपोटी केलेला खर्च हा स्वप्नापोटी केलेल्या खर्चापेक्षा जास्त घातक असतो, कारण त्याला नाही म्हणणारा माणूस क्लबचा शत्रू ठरतो. माझं उत्तर तेव्हाही तेच असतं. खाली जाऊन कर्जमुक्त राहिलेला क्लब पुन्हा चढू शकतो. तुम्ही पाहिलेल्या ब्रीखिनकडेच पाहा: लीग गेली, तरी मैदान, कुंपण, शनिवार आणि माणसं जागेवर आहेत. प्रवास मात्र वाढला. हायलँड लीगमध्ये पार उत्तर टोकाच्या विकपर्यंत जावं लागतं.

वर चढण्याची रीत पाहायची तर माँट्रोज पाहा. २०१५ च्या त्या संकटानंतर तीनच वर्षांत, मॅनेजर स्टुअर्ट पेट्री यांच्या हाताखाली, त्यांनी लीग टू जिंकली आणि पुढे लीग वनमध्ये चांगले रुळले. त्यांचं लिंक्स पार्क मैदान कृत्रिम गवताचं आहे. कृत्रिम गवताबद्दल खेळाडू कुरकुर करतात, प्रीमियरशिपने तर २०२६–२७ पासून ते बंद करायचं ठरवलं. छोट्या गावासाठी मात्र माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. नैसर्गिक मैदान आठवड्याला फार तर एक-दोन मॅच झेपवतं, बाकी दिवस कुलूप. कृत्रिम मैदानावर सोमवारपासून मुलं, मुली, साठीच्या पुढचे चालत फुटबॉल खेळणारे, सगळे येतात आणि मैदानाचं भाडंही येतं. माँट्रोजचा महिला संघ २०२३–२४ ला महिला फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात खेळला, हे बारा हजारांच्या गावाला किरकोळ नाही. फक्त एक अट: तो गालिचा दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. पहिल्या दिवसापासून दरवर्षी त्यासाठी पैसे बाजूला टाकले नाहीत, तर तेच मैदान क्लबच्या गळ्याला फास बनतं.

आणि आर्ब्रोथ. समुद्राला खेटून असलेलं गेफील्ड मैदान, जिथे वारा गोलकीपरची किक परत त्याच्याच हातात आणून देतो. १८८५ मध्ये बॉन अकॉर्डला ३६–० ने हरवणारा हाच क्लब. मॅनेजर डिक कॅम्बेल यांच्या काळात, २०२१–२२ ला, अर्धवेळ खेळाडूंचा हा संघ चॅम्पियनशिपमध्ये किलमार्नकच्या पाठोपाठ दुसरा आला, सर्वोच्च विभागापासून थोडक्यात हुकला. लोकांना त्यातला चमत्कार आठवतो, मला आवडलं ते हे की त्यांनी अर्धवेळ पद्धत सोडली नाही. २०२४ मध्ये खाली गेले, २०२५ मध्ये लीग वन जिंकून परत वर. खाली जाणं त्यांना परवडलं.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही खरं. स्टर्लिंग अल्बियन २०१० मध्ये चाहत्यांच्या संस्थेने विकत घेतला. स्टेनहाउसम्यूर २००९ मध्ये लोकहिताची कंपनी बनला आणि २०२४ मध्ये, स्थापनेनंतर १४० वर्षांनी, पहिल्यांदा लीगचं विजेतेपद जिंकला. पण मालकीचा साचा बदलला की यश येतं, असं मी म्हणणार नाही. चाहत्यांच्या मालकीचा क्लबही उधळू शकतो. गावात रोजगार किती, शेजारी मोठा क्लब किती जवळ, मैदान कोणाचं, कमिटीत चाळिशीच्या आतली माणसं किती, यावर बरंच ठरतं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त सतावतो. पैसा उभा करता येतो, सत्तरीच्या खजिनदाराची जागा घेणारा माणूस उभा करणं त्याहून कठीण.

कोल्हापूरबद्दल मी जपून बोलते, कारण तिथला हिशेब मी सांभाळलेला नाही. पण फरक उघड आहे. इथे बहुतेक क्लबांचं स्वतःचं मैदान आणि स्वतःचं फाटक आहे. तुमच्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस असे सगळे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. त्यामुळे गर्दी कितीही झाली तरी ‘आपल्या फाटकाचा पैसा’ असा पाया तालमीला मिळत नाही. मग संघ उभा राहतो तो देणगीदाराच्या बळावर, आणि बाहेरचे खेळाडू आणायची चढाओढ लागली की ग्रेटनाचीच गोष्ट लहान आकारात घडते. उलट तालमीकडे जे आहे ते इथल्या क्लबांना मिळवायला फार झटावं लागतं: स्वतःची वास्तू, बारा महिने राबता, आणि ‘हा आमचा’ म्हणणारी अख्खी पेठ.

म्हणून इथलं सगळं तिकडे नेऊ नका. मी नेईन त्या तीन गोष्टी. पेठेतल्या दोनशे-तीनशे घरांची छोटी मासिक वर्गणी, देणगीदार असला तरी त्याच्याशिवाय चालणारी. वर्षातून एकदा तालमीच्या भिंतीवर लावलेला जमाखर्च, कोणालाही वाचता येईल असा. आणि बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा संघ, प्रत्येकाची नोंदणी कागदावर पक्की केलेला. इथे मुलगा पुढे मोठ्या क्लबात गेला की घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई मागता येते, पण कागद असेल तरच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या मातीत मुलांची वानवा नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, खूप काही करता येईल, आणि त्यासाठी फुटबॉल खेळता येण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही, ते अशाच क्लबांचं फाटक चालावं म्हणून. ती वेळ मोकळी ठेवा. जवळचा एक क्लब निवडा, डंडीतून चारही गावं सोपी आहेत, आणि दोन-तीन मॅच नुसत्या पाहा. मग मासिक सोडतीचा फॉर्म भरा आणि फाटकावर विचारा की कोणत्या कामाला माणूस कमी आहे. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: शनिवारी दुपारी एक वाजता येऊन खुर्च्या पुसणं, कार्यक्रमपत्रिका विकणं, वेबसाइट सांभाळणं, अनुदानाचे अर्ज लिहिणं. तुम्ही आयटीत आहात असं लिहिलंत, म्हणजे शेवटची दोन कामं लगेच तुमच्या गळ्यात पडतील. मुलांच्या संघाबरोबर काम करायचं असेल तर आधी डिस्क्लोजर स्कॉटलंड या सरकारी संस्थेच्या पीव्हीजी योजनेत (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणारी योजना) नोंदणी लागते, १ एप्रिल २०२५ पासून ती कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज क्लबच्या मार्फतच होतो आणि थोडा वेळ घेतो, तेव्हा उन्हाळ्यातच विचारून ठेवा, ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाल्यावर नको.